करवंट्यांची पेठ

नोकरी भूमी अभिलेख खात्यात झाली, मोजणीदाराची. उभा जन्म दुसऱ्यांच्या हद्दी मोजण्यात गेला. निवृत्तीनंतर आता स्वतःच्या हौसेनं फिरतो, तरी नजर आधी बांधावर आणि जोत्यावरच जाते. बायको विद्या म्हणते, "तुम्हाला देवळात नेलं तर देवाच्या आधी गाभाऱ्याची लांबी-रुंदी बघाल." खोटं नाही. या ब्लॉगवर मी जुन्या पेठांबद्दल लिहितो ते त्यामुळेच. किल्ल्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. किल्ल्याला मीठ आणि कापड पुरवणाऱ्या बाजाराकडे कोणी बघत नाही.

यंदा ठरली होती सिंधुदुर्ग जिल्ह्यातली, मालवणच्या उत्तरेकडची एका खाडीकाठची पेठ. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेलच. तिथे सुनंदाताई आपल्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. दिवाळीआधीच फोन करून डिसेंबरातले दोन मुक्काम पक्के केले. निघायला दहा दिवस असताना त्यांचा फोन आला.

"काका, मोठो घोळ झालो. तुमचा बुकिंग घेतलंय आणि आता देवान कौल दिलो. नेमकी त्याच दिवसांत गावपळण आसा. घरच बंद, तर तुमका ठेवतलंय खंय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आचरा, चिंदर, वायंगणी या पट्ट्यातल्या काही गावांत तीन-चार वर्षांनी एकदा सगळं गाव घरदार बंद करून वेशीबाहेर जातं. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. श्वास घेणारं काहीही मागे ठेवायचं नाही. तारीख ग्रामदेवता ठरवते. देवाच्या मूर्तीला फुलं लावून प्रश्न विचारतात, उजवं फूल पडलं की होकार. तेव्हा बुकिंग घेताना सुनंदाताईंना तारीख माहीत असणं शक्यच नव्हतं. असा घोळ जगात दुसऱ्या कुठल्या यजमानाच्या हातून होईलसं वाटत नाही.

मी म्हटलं, "मग पुढच्या महिन्यात येतो."

मग म्हणाल्या, "येवचा तर आताच येवा. आमच्या वांगडा खोपीत ऱ्हवा. गावपळण काय रोज होणा नाय." वांगडा म्हणजे सोबत, खोप म्हणजे झावळ्यांची झोपडी.

मी कटकट करणार होतो. पेठ बघायची आणि पेठच बंद, तर जायचं कशाला? पण शेजारी उभ्या विद्यानं तोवर मान डोलवून टाकली होती.

पहिला दिवस

कोल्हापूरहून सकाळी सहाला निघालो. राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली. घाटात अलीकडच्या पावसानं काही वळणं खराब झाली आहेत, उजेडातच उतरा. पुढे हायवेनं कसालपर्यंत आणि तिथून उजवीकडे मालवण. चहा-नाश्ता धरून साडेचार तास लागले. दुपारी बाजारातल्या एका खानावळीत सुरमईची थाळी साडेचारशे रुपयांना मिळाली. सोलकढी हवी तितकी. तुकडा मोठा होता, तक्रार नाही.

मालवणची बाजारपेठ पायी बघावी. गाडी आत घातलीत तर तुम्ही तिला आणि ती तुम्हाला शिव्या घालेल. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याची दुमजली घरं, खाली दुकान आणि वर लाकडी सज्जा. निम्म्या सज्ज्यांवर आता दुकानांचे फलक चढलेत, पण वर मान करून चाललात तर जुनी पेठ अजून दिसते. मीही मान वर करून चाललो आणि एका मासेवालीच्या टोपलीवर आदळता आदळता वाचलो. विद्यानं गुळाचं खाजं, कोकमं आणि मसाला घेतला. संध्याकाळी किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा बघितला. या खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेत आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा इथे झाली असं सांगतात. तिथं त्या वेळी आम्ही दोघं आणि एक म्हातारा गळ टाकून बसलेला, एवढेच होतो. रात्री मालवणातच एका लॉजवर राहिलो.

या जिल्ह्याचा इतिहास वाचायचा तर खाडी धरून वाचावा. विजयदुर्गापासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक खाडीच्या तोंडाशी एक बंदर, बंदराला चिकटून एक पेठ. वर आंग्र्यांचं आरमार, खाली सावंतवाडीकर, त्याच्या खाली पोर्तुगीज, शेवटी इंग्रज. राज्य कोणाचंही असो, गलबतं येत राहिली आणि पेठेत माल उतरत राहिला. मग रस्ते झाले, रेल्वे आली ती समुद्रापासून आत, नांदगाव-कणकवली-कुडाळवरून. बाजार उठून हायवेला गेला आणि खाडीकाठच्या पेठा होत्या तिथेच राहिल्या.

दुसरा दिवस

सकाळी पहिल्या होडीनं किल्ल्यात जायचं ठरवलं होतं. होडी पहिली नव्हती, तिसरी होती, आणि भरल्याशिवाय सुटत नाही. किल्ल्यात महाराजांच्या हाता-पायाचे ठसे आणि चारही बाजूंना समुद्र असताना गोड पाणी देणाऱ्या विहिरी आहेत. दोन तास हवेतच. आमचे तीन झाले.

सुनंदाताईंनी बजावलं होतं, "दुपारची नौबत झाली काय गावातसून येव नकात. मसुऱ्याकडसून येवा." म्हणजे देवळातला नगारा वाजला की गाव रिकामं झालं असं समजायचं. गावातून जाणारा रस्ता सार्वजनिक आहे, बाहेरच्या गाड्या जातात, कोणी अडवत नाही. पण आम्ही त्यांचे पाहुणे. उशीर झालाच होता, तेव्हा वळसा घेतला. मालवणहून सरळ रस्त्यानं एकोणीस किलोमीटर, मसुऱ्यावरून चौतीस. मी किलोमीटर मोजत होतो आणि विद्या मला मोजू नका म्हणत होती.

वेशीबाहेर माळावर नवंच गाव वसलेलं. बांबू आणि माडाच्या झावळ्यांच्या खोपी ओळीनं, कुठे प्लॅस्टिकचा कागद, कुठे चक्क गाडीचं कव्हर. मुंबईहून सुट्टी घेऊन आलेले चाकरमानी पत्ते कुटत बसलेले. कोंबड्या खुराड्यात, गुरं करंजाच्या सावलीत. एका खोपीबाहेर मांजराला दोरी बांधली होती आणि त्याला ते अजिबात पसंत नव्हतं. सुनंदाताईंचे यजमान मनोहर चुलीत लाकडं सारत होते. खोपीच्या तोंडाशी, उशांना टेकून, त्यांची आई बसली होती. वय शहाऐंशी, चण चिमणीएवढी. सगळे तिला जनीकाकी म्हणतात.

"कोण इलो गो?"

"पाव्हणे, आये. कोल्हापूरचे. मोजणीदार होते," सुनंदाताई म्हणाल्या.

"मोजणीदार? माझो परडा मोजूक इलो काय रे?"

परडं म्हणजे घरामागची बाग. मी म्हटलं, "नाही काकी. तुमची पेठ बघायला आलो होतो. ती कुलपात गेली."

ती हसली तेव्हा छातीत शीळ वाजली. तिला दम्याचा त्रास आहे, हे तेव्हाच दिसलं. डॉक्टर म्हणाले होते, यंदा कुठे हलवू नका. त्यावर काकीनं विचारलं होतं, मग मला एकटीलाच गावात ठेवून सगळे जाणार काय? दोघांनी खुर्चीत बसवून तिला वेशीबाहेर आणलं.

त्या दिवशी पेज, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा जेवलो. पत्रावळीवर. इतकं चविष्ट जेवण इतक्या कमी भांड्यांत झालेलं मी पाहिलं नव्हतं. झोप मात्र यथातथाच लागली, जमीन कठीण आणि मनोहरांच्या गायीला खोकला.

तिसरा दिवस

सकाळी घावणे खाल्ले आणि मी वेशीच्या दगडापर्यंत फिरून आलो. तिथून पेठेची कौलं दिसत होती. सहाशे-सातशे मीटर, जास्त नाही. एका चिमणीतूनही धूर नाही, कुत्र्याचं भुंकणं नाही. चिडलो होतो हे कबूल करतो. दीडशे किलोमीटर येऊन शेवटचे सातशे मीटर राहिले होते.

काकीनं माझं तोंड बघितलं असावं.

"सुनंदा, करवंट्यो हाड गो. ह्या मोजणीदाराक पेठ दाखवतंय."

मग खोपीसमोरच्या मातीत पेठ मांडायला सुरुवात झाली. सुंभाची दोरी टाकली ती खाडी. एक चपटा चिरा ठेवला तो धक्का. धक्क्यापासून दोन ओळी, एकेक करवंटी म्हणजे एकेक दुकान. काकी काठीनं जागा दाखवायची, मी करवंटी ठेवायचो.

"थंय नाय रे. अलीकडे. दोन दुकानांच्या मधी बोळ आसा, खंय गेलो तो?"

मी करवंटी हलवली. मिठाचं कोठार, कापडाचं दुकान, कासार, तेलघाणा.

"हो पेद्रू पाववालो. पहाटेक भट्टीचो वास धक्क्यापर्यंत येय. गलबतार आसलेल्या खलाशांका जाग येय ती त्या वासान." पेद्रूचा आजा गोव्याकडून आला होता, तो नातवंडांसकट इथलाच झाला. "मुंबयसून कापड येय, रॉकेल येय. हंयसून नारळ, सुंभ, सोलां जायत. होळयेपासून पावसापर्यंत धक्क्यार पाय ठेवूक जागा नाय."

सोलं म्हणजे कोकमाच्या वाळवलेल्या साली. मी वहीत टिपत होतो. अंतर विचारत होतो. हे दुकान किती पावलं, जोतं किती उंच, पायऱ्या किती? तिनं एकदाही "आठवत नाही" म्हटलं नाही. आजूबाजूला माणसं जमली. एका चाकरमान्यानं करवंटी उचलून सांगितलं, इथं आता मोबाईलचं दुकान आहे. काकीनं ती त्याच्या हातातून काढून परत जागेवर ठेवली.

विद्यानं मला दोनदा डोळ्यांनी दटावलं. मला समजलं होतं, पण मी थांबलो नाही. हे स्पष्ट लिहितो, कारण चूक माझी होती. दोन तास मी त्या बाईला बोलतं ठेवलं.

उजव्या ओळीत धक्क्यापासून तिसरी जागा तिनं मोकळी सोडली होती. मी विचारलं, "काकी, इथं काय होतं?"

"हंय?" ती म्हणाली, आणि पुढचा शब्द आलाच नाही. हात काठीवरून सुटला. छातीतली शीळ वाढत गेली, मान पुढे आली, आणि ती श्वासासाठी तोंड उघडू लागली.

सुनंदाताईंनी पिशवीतला दम्याचा पंप काढून तिच्या तोंडाला लावला. दाबला. पुन्हा दाबला. हलवून बघितला आणि मटकन खाली बसल्या. "रिकामो," म्हणाल्या. "नवो फडताळात ऱ्हवलो."

आदल्या दिवशी निघताना त्यांनी कोंबड्या तीन वेळा मोजल्या होत्या. माळ्यावर दडलेलं मांजर तासभर खपून धरलं होतं. मागे काही जिवंत राहू नये म्हणून घराचा कोपरान् कोपरा बघितला, आणि त्या धांदलीत नव्या पंपाऐवजी संपलेला उचलला. औषधांचं जवळचं दुकानही पेठेतच, म्हणजे तेही कुलपात.

मनोहरांनी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पुढे वाकवून बसवा, पंप तातडीनं आणा, ओठ निळे दिसले तर थेट घेऊन या. मी किल्लीसाठी हात पुढे केला. "घर सातशे मीटरवर आहे. मी गावचा नाही. पाच मिनिटांत पंप घेऊन येतो."

मनोहर माझ्याकडे आणि मग आईकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "काका, तुमका कोण अडवचो नाय." आणि कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिलीसुद्धा. आईचा जीव आणि गावाचा नेम, दोन्हींच्या मध्ये तो माणूस उभा होता.

काकीनं मान वर केली. एकेक शब्द स्वतंत्र आला.

"पेज... खाल्लंस मा... हंय?"

"खाल्ली, काकी."

"मगे... तू गावचोच. आत... जावचा नाय."

मला राग आला. देवाचा आला, गावाचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. आयुष्यभर हद्दीवरून माणसं भांडताना बघितली, पण आपला श्वास अडकलेला असताना हद्द सांभाळणारं माणूस पहिल्यांदाच बघत होतो. तिच्याशी वाद घालत बसलो असतो तर तेवढा वेळ गेला असता. किल्ली मनोहरांच्या हातात परत दिली, त्यांना म्हटलं बसा गाडीत, आणि मसुऱ्याच्या रस्त्याला लागलो. विद्या काकीजवळ थांबली.

त्या रस्त्यावर दोन अरुंद साकव, म्हणजे ओढ्यावरचे छोटे पूल आहेत, एका वेळी एकच गाडी जाते. दुसऱ्या साकवावर समोरून वाळूचा ट्रक आला. मी मागे घेतली नाही, त्यानं घेतली. मनोहर सगळा वेळ एकच वाक्य म्हणत होते, "निघताना मी बघूक होया होतंय." त्यांनी बघायला हवं होतं, सुनंदाताईंनी बघायला हवं होतं, आणि मी गप्प बसायला हवं होतं. ज्यानं त्यानं आपापला वाटा उचलला होता. मालवणात पंप मिळाला, दोन घेतले. विद्याचा दर दहा मिनिटांनी फोन, "ओठ ठीक आहेत. या लवकर." जाऊन येऊन पावणेदोन तास.

पोचलो तेव्हा काकी विद्याच्या खांद्यावर कपाळ टेकून बसली होती. पंपाचे चार झोत गेले. पंधरा मिनिटांनी शीळ उतरली, अर्ध्या तासानं ती स्वतःच्या हातानं पाणी प्यायली. सुनंदाताई खोपीमागे जाऊन रडल्या. मी गायीकडे बघत उभा राहिलो.

त्यानंतर मी काकीला एकही प्रश्न विचारला नाही. करवंट्या तशाच मांडलेल्या होत्या. कोंबड्यांनी दोन-तीन उलथवल्या, त्या मी वहीत बघून पुन्हा जागेवर ठेवल्या.

पाचवा दिवस

आमचे मुक्काम दोनच ठरले होते, पण काकीला सोडून निघायचं मनात येईना, म्हणून चौथ्या दिवशीही खोपीतच राहिलो. सकाळी मानकरी देवळात गेले. कौल झाला तर परत, नाही झाला तर आणखी एक दिवस बाहेर. दोन तास सगळा माळ देवळाच्या दिशेनं कान लावून होता. मी देवभोळा नाही, पण त्या दिवशी उजवं फूल पडावं असं मनापासून वाटलं. पडलं. नगारा वाजला आणि सगळा माळ एकदम उठला.

काकीला खुर्चीतून नेलं. मी मागून चालत होतो, वही उघडी ठेवून. पेठेत शिरलो ते धक्क्याच्या बाजूनं. मिठाचं कोठार, आता सिमेंटचं गोदाम. पुढे बोळ, बरोबर तिथेच. पेद्रूची भट्टी, धुरांडं पडलेलं, दार निळं. मी धक्क्यापासून पावलं मोजली. तिनं चाळीस सांगितली होती, माझी बेचाळीस भरली, आणि माझ्या पावलाला गुडघेदुखी आहे. उजव्या ओळीतली तिसरी जागा आली. तिथे फक्त जोतं होतं, चिऱ्याच्या तीन पायऱ्या आणि वर गवत.

खुर्ची पुढे चालली होती. काकीनं त्या जोत्याकडे बघितलं आणि हात जोडले नाहीत, फक्त मान तिकडे वळवून ठेवली, ते मागे पडेपर्यंत. मी कोणाला काही विचारलं नाही.

घरी फडताळात नवा पंप होता, हळदीच्या डब्याशेजारी.

दुपारी जेवून निघालो. सुनंदाताई मुक्कामाचे पैसे घेईनात. म्हणाल्या, खोपीचं भाडं कोण घेतं? विद्यानं तिचं खाजं तिथेच ठेवलं. गावाचं नाव लिहू नका ही विनंती मनोहरांची. मागच्या खेपेला कोणीतरी व्हिडिओ टाकले आणि बघ्यांच्या गाड्या रिकाम्या गावातून फिरल्या. तुम्हाला या भागातल्या पेठा बघायच्या असतील तर जरूर जा, डिसेंबर-जानेवारी उत्तम. गावपळण बघायला मात्र जाऊ नका. कोणी बोलावलं तर गोष्ट वेगळी, आणि मग तिथली पेज खाताना विचार करून खा.

घरी

परत आल्यावर आठवडाभर तोच उद्योग. वहीतल्या टिपणांवरून पेठेचा नकाशा काढला, प्रमाणबद्ध, शाईनं. नोकरीत काढले त्यांपैकी एकाही नकाशावर इतकी मेहनत घेतली नव्हती. सत्तावीस दुकानं, दोन बोळ, एक धक्का. तिसरी जागा कोरी ठेवली. पोस्टानं पाठवून दिला.

महिन्याभरानं सुनंदाताईंचा फोन आला, पण आवाज काकीचा होता. बरा होता, शीळ कमी.

"नकाशो मिळालो रे."

"बरोबर आहे का?"

"आसा. बोळ मातसो रुंद झालो. तिसरी जागा कोरी कित्याक ठेवलंस?"

"तुम्ही सांगितलंच नाही, काकी. तिथं काय होतं?"

पलीकडे ती थोडी थांबली. दम खाण्यासाठी नाही, तेवढं मला आता ओळखता येतं.

"ता फोनार सांगूचा नाय. पुढच्या गावपळणीक ये, तेव्हा सांगतंय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो काकी, तिला अजून तीन-चार वर्षं आहेत."

"मगे?" ती म्हणाली. "तुका खंय जावचा आसा काय?"

नाही, म्हटलं. कुठंच नाही.